विद्यापीठाच्या संकेतस्थळासाठी लिहिताना: नव्या लेखक-संपादकांसाठी मार्गदर्शक

विद्यापीठाच्या संकेतस्थळाचं काम बऱ्याच जणांच्या अंगावर अचानक येतं. कोणी ग्रंथालयात असतं, कोणी परीक्षा विभागात, कोणी नुकतंच एखाद्या अभ्यासक्रमाचं समन्वयक झालेलं. एक दिवस निरोप येतो, ‘आपल्या विभागाची पानं आता तुम्ही बघा.’ लॉगिन मिळतं, मजकूर कुठे टाकायचा ते दाखवलं जातं, पण लिहायचं कसं हे कोणी सांगत नाही. मग हाताशी असलेलं परिपत्रक जसंच्या तसं पानावर उतरवलं जातं, आणि दुसऱ्या दिवसापासून विभागातला फोन वाजायला लागतो.

पुढे जे सांगितलंय ते या कामाच्या क्रमानेच आहे. त्यामागचा विचार एकच आहे: पानावरचा मजकूर गढूळ असतो तेव्हा बहुतेक वेळा नुसती भाषा बिघडलेली नसते, निर्णयच अर्धवट राहिलेला असतो. मुदत वाढली, पण कागदपत्रं द्यायची तारीख वाढली का, हे कोणी ठरवलेलंच नसतं. ‘विहित वेळेत’ या दोन शब्दांत ते झाकलं जातं. म्हणून संबंधित विभागाला उलट प्रश्न विचारणं हे मी या कामातलं पहिलं कौशल्य मानतो. शब्द, विरामचिन्हं, मथळे हे सगळं त्यानंतर.

पायरी १: पानाचा प्रश्न ठरवा

लिहायला बसण्याआधी एका ओळीत लिहून ठेवा: हे पान कोण उघडणार आणि त्याला काय विचारायचंय? ‘परीक्षा विभागाची माहिती’ हा प्रश्न झाला नाही. ‘गुणपत्रिका हरवली, दुसरी कशी मिळेल?’ हा प्रश्न आहे. विद्यापीठाची पानं सहसा विभागांच्या रचनेप्रमाणे लावलेली असतात, कारण आत बसलेल्यांना ती रचना पाठ असते. बाहेरच्या माणसाला मात्र पात्रता विभाग वेगळा आणि परीक्षा विभाग वेगळा हे ठाऊक नसतं, ते ठाऊक असण्याची त्याला गरजही नसते.

प्रश्न गोळा करायला सर्वात चांगली जागा म्हणजे खिडकी आणि फोन. विभागात चौकशीच्या टेबलावर बसणाऱ्या कर्मचाऱ्याला विचारा, दिवसभरात लोक काय विचारतात. तो न अडखळता चार-पाच प्रश्न सांगेल, आणि तेही विद्यार्थ्यांच्या शब्दांत. ते शब्द तसेच टिपून घ्या. विद्यार्थी ‘हॉल तिकीट’ म्हणतात, आपण ‘प्रवेशपत्र’ लिहितो. ते ‘रिचेकिंग’ शोधतात, आपल्या पानावर ‘पुनर्मूल्यांकन’ असतं. अधिकृत शब्द ठेवायलाच हवा, कारण अर्जावर तोच असतो. पण पहिल्या परिच्छेदात एकदा ‘प्रवेशपत्र, म्हणजेच हॉल तिकीट’ असं लिहिलं, की शोधणाऱ्याला पान सापडतं आणि आपण योग्य ठिकाणी आलो हेही कळतं. संकेतस्थळाच्या शोधपेटीत लोक काय टाइप करतात याची नोंद तांत्रिक विभागाकडे असू शकते. ती मागून घ्या.

एका पानावर दोन वेगळ्या वाचकांचे प्रश्न एकत्र आले तर पान फोडा. प्रवेश घेऊ पाहणारा, सध्या शिकणारा, माजी विद्यार्थी, पालक, संशोधक आणि नोकरी देणारी कंपनी यांची गरज एक नसते.

पायरी २: परिपत्रक वाचा, मग फोन करा

परिपत्रक हा कार्यालयांनी एकमेकांशी करायचा व्यवहार आहे. त्यात संदर्भ क्रमांक लागतो, अधिकार कोणाचा ते सांगावं लागतं, भाषा कायद्याच्या चौकटीत ठेवावी लागते. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. मात्र वाचकाचं उत्तर त्यात क्वचितच पूर्ण असतं. नमुन्यासाठी मी असं एक परिपत्रक रचलंय:

‘उपरोक्त विषयास अनुसरून सर्व संबंधितांना सूचित करण्यात येते की, पदव्युत्तर प्रथम वर्ष प्रवेशासाठीचे ऑनलाइन अर्ज सादर करण्याची मुदत वाढविण्यात आली असून इच्छुक विद्यार्थ्यांनी दि. १४/०७/२६ पर्यंत अर्ज भरून त्याची छापील प्रत आवश्यक त्या कागदपत्रांसह संबंधित विभागात विहित वेळेत जमा करावी. तद्नंतर प्राप्त झालेल्या अर्जांचा विचार केला जाणार नाही, याची सर्वांनी नोंद घ्यावी.’

हे वाचून एखाद्या अर्जदाराच्या जागी बसा. चौदा तारखेला किती वाजेपर्यंत? छापील प्रतही चौदालाच द्यायची, की नंतर चालेल? आवश्यक कागदपत्रं कोणती? संबंधित विभाग म्हणजे शिकायचा विषय असलेला विभाग, की प्रवेश विभाग? मी आधीच अर्ज भरलाय, मला काही करायचंय का? गुणवत्ता यादीची तारीखही पुढे गेली का? प्रत पोस्टाने पाठवली तर? हे सगळे प्रश्न रास्त आहेत आणि परिपत्रकात एकाचंही उत्तर नाही.

आता विभागाला फोन करा. ‘हे नीट समजलं नाही’ असं मोघम बोलू नका, प्रश्न लिहून काढून एकेक विचारा. दोन प्रश्नांवर समोरून ‘अहो, ते अजून ठरलेलं नाही’ असं उत्तर आलं तर दचकू नका. उलट तुमच्या फोनमुळे ते आज ठरतं, आणि शेकडो लोकांनी स्वतंत्रपणे तोच फोन करण्याची वेळ टळते. मिळालेली उत्तरं ईमेलने लेखी मागून घ्या. पुढे वाद झाला तर पानावरची तारीख कोणी सांगितली हे दाखवता आलं पाहिजे.

उत्तरं आल्यावर पान असं होतं:

‘पदव्युत्तर प्रथम वर्ष: प्रवेश अर्जाची मुदत १४ जुलैपर्यंत वाढवली

ऑनलाइन अर्ज मंगळवार, १४ जुलै २०२६ रोजी रात्री ११.५९ पर्यंत भरता येईल.

अर्जाची छापील प्रत आणि खाली दिलेली कागदपत्रे शुक्रवार, १७ जुलै २०२६ रोजी सायंकाळी ५ पर्यंत, तुम्ही निवडलेल्या विषयाच्या विभागात आणून द्या. पोस्टाने पाठवलेली प्रत स्वीकारली जाणार नाही.

तुम्ही याआधीच अर्ज भरला असेल, तर पुन्हा भरू नका.

गुणवत्ता यादीची तारीख बदललेली नाही.’

याखाली कागदपत्रांची यादी, मग अर्जाची लिंक, आणि सर्वांत शेवटी मूळ परिपत्रकाची लिंक. मजकूर फार लहान झालेला नाही, पण प्रत्येक वाक्यात कोणी, काय, कधी, कुठे यापैकी काहीतरी आहे. ‘रात्री १२ पर्यंत’ का लिहिलं नाही, तेही बघा: चौदाच्या रात्री १२ म्हणजे तेरा आणि चौदाच्या मधली मध्यरात्र, की चौदा आणि पंधराच्या मधली, यावर दोन शहाणी माणसंही भांडू शकतात. ११.५९ लिहिलं की वाद उरत नाही. वार लिहिण्याचा फायदा असा, की तारीख टाइप करताना चूक झाली तर वार आणि तारीख जुळत नाहीत आणि चूक पकडता येते.

पायरी ३: उत्तर वर घ्या

वेबपान लोक सलग वाचत नाहीत, नजर फिरवतात. वेबच्या वापराचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ७९ टक्के वापरकर्ते नवं पान नुसतं चाळत होते. शब्द न् शब्द वाचणारे १६ टक्केच होते. मोबाइलच्या पडद्यावर तर पहिल्या नजरेत मथळा आणि दोन-तीन वाक्यंच मावतात. त्या जागेत प्रस्तावना घालवू नका. ‘आमच्या विद्यापीठाला उज्ज्वल परंपरा आहे’ हे वाक्य वसतिगृहाच्या अर्जाच्या पानावर कोणीही वाचत नाही.

मथळ्यात पानाचं उत्तर किंवा निदान पानाचं काम दिसू द्या. ‘महत्त्वाची सूचना’ हा मथळा काहीच सांगत नाही, आणि सूचनांच्या यादीत असे पंधरा मथळे एकाखाली एक लागले की ती यादी निरुपयोगी होते. ‘सूचना क्र. ४५’ तसंच. उपमथळे विद्यार्थ्याच्या प्रश्नांसारखे असले तर चांगलं: ‘कोण अर्ज करू शकतं’, ‘शुल्क किती’, ‘अर्ज फेटाळला तर’. शेवटचा उपमथळा बहुतेक पानांवर नसतो, आणि वाचकाला सर्वांत जास्त काळजी त्याचीच असते.

पायरी ४: वाक्य

‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘तद्नंतर’, ‘अन्यथा’, ‘याची नोंद घ्यावी’ हे शब्द आले की थांबा आणि ते काढून वाक्य वाचून बघा. बहुधा काहीच बिघडत नाही. ‘सदर अर्ज’ म्हणजे ‘हा अर्ज’. ‘करण्यात येत आहे’, ‘देण्यात येईल’ यांत कोण करणार, कोण देणार हे गायब होतं. ‘ओळखपत्र देण्यात येईल’ यापेक्षा ‘ओळखपत्र ग्रंथालय देईल’ हे बरं, कारण वाचकाला पुढच्या पावलाची दिशा मिळते.

वाचकाला ‘तुम्ही’ म्हणा. ‘विद्यार्थ्यांनी अर्ज भरावेत’ ऐवजी ‘अर्ज भरा’. काही वरिष्ठांना हे फार मोकळं वाटतं. त्यांना सांगा, नियमावली आणि अध्यादेश यांची भाषा तीच राहील; आपण बदलतोय ते मदतीच्या पानाचं. एक पथ्य मात्र पाळा: एकाच पानावर ‘तुम्ही’, ‘आपण’ आणि ‘विद्यार्थ्यांनी’ यांची खिचडी करू नका. ‘आपण’ मराठीत ‘तुम्ही’ही होतो आणि ‘आपण सगळे’ही, त्यामुळे मी सूचनांत तो टाळतो.

क्रियापदात लिंग आलं की पंचाईत होते. ‘जो विद्यार्थी अनुत्तीर्ण झाला असेल’ असं लिहिलं की निम्मे वाचक बाजूला पडतात, आणि ‘झाला/झाली’ अशी तिरपी रेघ प्रत्येक वाक्यात वाचवत नाही. ‘तुम्ही अनुत्तीर्ण झाला असाल, तर’ यात तो प्रश्नच येत नाही. ‘तुम्ही’चा हा मोठा फायदा आहे.

ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाच्या शैलीपत्रकात २५ शब्दांपेक्षा लांब वाक्य तोडायला सांगितलंय. मराठीत विभक्तीप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात, त्यामुळे आपले २५ शब्द अधिक जड होतात. पंधरा-सतरा शब्दांच्या आसपास पूर्णविराम आला तर वाचणं सोपं जातं. ‘असून’, ‘तसेच’, ‘व त्यानंतर’ अशा जोडणीच्या जागी वाक्य बिनदिक्कत तोडा. अटी असतील तर एका वाक्यात एकच अट.

पायरी ५: शैलीपत्रक

शैलीपत्रक म्हणजे ‘आमच्याकडे हे असं लिहितात’ याची लेखी नोंद. विद्यापीठाचं आधीपासून असेल तर मुकाट्याने तेच पाळा, काही नियम पटले नाहीत तरी. नसेल तर दोन पानांचं तुम्हीच सुरू करा. सुरुवातीला त्यात फार थोडं लागतं. शंका येईल तसं ते वाढतं.

नावांपासून सुरुवात करा. विद्यापीठाचं पूर्ण अधिकृत नाव, पहिल्या उल्लेखानंतर चालणारं लघुरूप, प्रत्येक विभागाचं, केंद्राचं आणि इमारतीचं नाव. एकच विभाग एका पानावर ‘संगणकशास्त्र विभाग’, दुसऱ्यावर ‘संगणक विज्ञान विभाग’ आणि तिसऱ्यावर ‘कॉम्प्युटर सायन्स’ असेल, तर नव्या विद्यार्थ्याला ते तीन विभाग वाटतात. व्यक्तींच्या नावाआधी ‘डॉ.’, ‘प्रा.’ लावायचं की ‘प्रा. डॉ.’, की पहिल्यांदा लावून पुढे आडनावाला ‘यांनी’ जोडायचं, हे ठरवून घ्या. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता ही पदनावं नावाच्या आधी येतात की नंतर, तेही. कुलगुरूंना ज्या पद्धतीने संबोधता त्याच पद्धतीने कनिष्ठ अध्यापिकेला संबोधा. एका बातमीत पुरुष प्राध्यापक ‘डॉ.’ आणि स्त्री प्राध्यापक ‘श्रीमती’ असं होऊ देऊ नका. तेवढी पदवी तिनेही कष्टानेच मिळवलेली असते.

पदव्यांची लघुरूपं वरचेवर चुकतात. ‘पीएच.डी.’ बरोबर, ‘पी.एच.डी.’ चूक, कारण ‘पीएच’ हे ‘फिलॉसफी’तल्या पहिल्या दोन अक्षरांचं मिळून एकच लघुरूप आहे. तसंच ‘बी.एस्सी.’, ‘एम.एस्सी.’. टिंबं द्यायची नाहीत असं ठरवलंत तर सगळीकडेच देऊ नका.

शुद्धलेखनासाठी नवा नियम शोधू नका. मराठी साहित्य महामंडळाचे नियम आहेत: १९६२ साली चौदा, आणि १९७२ मध्ये त्यांत चारची भर. विद्यापीठाच्या पानांवर सतत लागणारे काही शब्द या नियमांप्रमाणे एकदा पक्के करून भिंतीवर लावा: कुलगुरू, पदव्युत्तर, पुनर्मूल्यांकन, शैक्षणिक, विद्यार्थिनी. ‘विद्यार्थी’ समासात पहिला आला की नियमाप्रमाणे ‘थि’ ऱ्हस्व होतो, म्हणून ‘विद्यार्थिगृह’, ‘विद्यार्थिमंडळ’. मात्र कार्यालयाच्या अधिकृत नावात ‘विद्यार्थी’ असेल तर तुम्ही परस्पर बदलू नका. अधिकृत नाव नियमाच्या वर. ‘असे, केले’ की ‘असं, केलं’ हाही निवडीचा भाग आहे. या लेखासारख्या बोलत्या लिखाणात ‘असं’ खपतं, पण विद्यापीठाच्या पानांवर मी ‘असे’ ठेवतो, कारण अनेक हातांनी लिहिलेल्या मजकुरात तेच एकसारखं राखणं सोपं जातं.

तारखा पूर्ण लिहा: दिवस, महिन्याचं नाव, वर्ष. ‘०३/०४’ म्हणजे काही देशांत ३ एप्रिल आणि काही देशांत ४ मार्च. परदेशी विद्यार्थी अर्ज करत असतील तर हा धोका खरा आहे. फाइलींच्या नावात मात्र वर्ष-महिना-दिवस असा क्रम ठेवा, म्हणजे यादी आपोआप तारखेनुसार लागते. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक हाच क्रम सांगतं. ‘या वर्षी’, ‘नुकतेच’, ‘येत्या सोमवारी’ हे शब्द पानावर शिळे होतात. ‘२०२६-२७ या शैक्षणिक वर्षात’ असं लिहिलं तर तीन वर्षांनी वाचणाऱ्यालाही फसगत होत नाही.

अंक देवनागरी ठेवायचे की इंग्रजी, हे सगळ्या संकेतस्थळासाठी एकदाच ठरवा. माझं मत असं: वाचायचे अंक देवनागरी चालतील, पण जे अंक वाचकाला कॉपी करून दुसरीकडे भरायचे आहेत, म्हणजे फोन क्रमांक, अर्ज क्रमांक, खाते क्रमांक, ते इंग्रजी अंकांत द्यावेत. अनेक ऑनलाइन फॉर्म देवनागरी अंक स्वीकारत नाहीत आणि चूक कुठे झाली हे धड सांगतही नाहीत.

पायरी ६: देवनागरी पडद्यावर

हा भाग इंग्रजी शैलीपत्रकांत मिळणार नाही, म्हणून थोडं सविस्तर.

मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कोणत्याही संगणकावर मराठी म्हणूनच ओळखल्या जाणाऱ्या अक्षरांत. कार्यालयांतल्या जुन्या फाइली बऱ्याचदा युनिकोडपूर्व फॉन्टात असतात. त्या फाइलीतून मजकूर उचलून पानावर टाकला की इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि फॉन्टाची सोय करून तो दिसला तरी शोधयंत्राला तो मराठी म्हणून कळत नाही. रूपांतराची साधनं आहेत, पण रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार डोळ्यांनी तपासा. चुका तिथेच राहतात. ‘दुसऱ्या’, ‘कर्मचाऱ्यांना’, ‘ऱ्हस्व’ यांतला अर्धा र नीट उमटलाय का, हेही बघा. ‘दुसर्‍या’ऐवजी ‘दुसर्या’ झालं की वाचणारा अडखळतो.

देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत आणि तिरप्या अक्षरांची रीतही नाही. संगणक अक्षरं तिरपी करून देतो, पण ती वाचायला वाईट होतात. जोर द्यायचा असेल तर ठळक टाइप वापरा, तोही कमी; ग्रंथाचं वा प्रकल्पाचं नाव एकेरी अवतरणात द्या. मजकूर अधोरेखित केला की रेघ उकारांना छेदते, म्हणून अधोरेखा फक्त लिंकसाठी राखून ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सोय मथळ्यांना इंग्रजीत शोभते. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. दोन ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा थोडं जास्त लागतं, कारण आपल्या मात्रा वर आणि उकार खाली जातात. ही शेवटची गोष्ट तुमच्या हातात नसेल, तर पानाचा साचा बनवणाऱ्याला एक नमुना दाखवून सांगा.

पायरी ७: लिंक, फाइली, चित्रं

‘येथे क्लिक करा’ लिहू नका. अंध वाचक स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने, पानावरच्या सगळ्या लिंकांची यादी ऐकू शकतो. त्याला ‘येथे क्लिक करा’ सात वेळा ऐकू आलं तर त्याने काय निवडायचं? लिंक स्वतः बोलली पाहिजे: ‘वसतिगृह प्रवेश अर्ज’. फाइल उघडणार असेल तर तिचा प्रकार आणि आकार लिंकमध्येच सांगा: ‘परीक्षा वेळापत्रक, पीडीएफ, २ एमबी’.

पीडीएफबद्दल माझं ठाम मत आहे: छापून सही करायची असेल किंवा मूळ दस्तऐवज जसाच्या तसा जपायचा असेल तेव्हाच ती द्या. सहीशिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवलेली पीडीएफ म्हणजे निव्वळ चित्र असतं. स्क्रीन रीडरला ते वाचता येत नाही, मोबाइलवर बोटांनी ताणून वाचावं लागतं, त्यातला फोन क्रमांक दाबून फोन लागत नाही. मूळ परिपत्रक जोडायचं असेल तर जोडा, पण त्यातली माहिती आधी पानावर मजकूर म्हणून लिहा.

दिव्यांग वाचकांच्या दृष्टीने पान कसं असावं याचे जागतिक निकष डब्ल्यूथ्रीसी ही वेबची मानकं ठरवणारी संस्था १९९९ पासून प्रसिद्ध करते; या निकषांची डब्ल्यूसीएजी २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. लेखकाच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं, पण तेवढं चुकवू नका. प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला पर्यायी मजकूर (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचून दाखवतो तो) द्या, आणि त्यात चित्र काय सांगतंय ते लिहा. ‘फोटो १’ नको. सूचना लिहिलेलं पोस्टर चित्र म्हणून टाकलं असेल तर त्यावरचा सगळा मजकूर पानावरही हवा. मथळे ठळक अक्षरांनी रंगवू नका, मजकूर भरायच्या एडिटरमध्ये दिलेले मथळ्याचे स्तर वापरा. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ असावा, पिवळ्यावर पांढरी अक्षरं इथेच बाद होतात. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवलंय ना, ते तांत्रिक विभागाला विचारा, नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकूर भलत्याच आवाजात वाचायला जातो. एकदा तरी एनव्हीडीए हे मोफत स्क्रीन रीडर लावून, पडदा बंद करून, स्वतःचं पान ऐका.

तक्ता माहितीसाठी वापरा, मांडणीसाठी नको. एका रकान्यात तीन ओळी कोंबाव्या लागत असतील तर तिथे तक्त्याची जागा नाही.

बातम्या आणि विशेषणं

कार्यक्रमाच्या बातमीत आधी काय झालं आणि त्यातून विद्यार्थ्यांना किंवा संशोधनाला काय मिळालं ते लिहा. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, आभार हा क्रम इतिवृत्तात ठेवा. मंचावरच्या सगळ्यांची नावं घ्यावी लागत असतील तर शेवटच्या परिच्छेदात घ्या. ‘अग्रगण्य’, ‘जागतिक दर्जाचे’, ‘अत्याधुनिक’ यांना पुराव्याशिवाय जागा देऊ नका. ‘अत्याधुनिक प्रयोगशाळा’ म्हणण्यापेक्षा तिथे कोणतं उपकरण आहे आणि ते कोणाला वापरता येतं, हे लिहिलं तर संशोधक पान उघडेल. मूल्यांकन, मानांकन यांचा उल्लेख करताना कोणी दिलं आणि कोणत्या वर्षी दिलं हे सोबत हवंच.

खासगी माहिती

निकालाच्या किंवा निवडीच्या यादीत नाव, आईचं नाव, जन्मतारीख, मोबाइल क्रमांक हे सगळं असलेली फाइल सर्वांना खुली ठेवली जाते, आणि शोधयंत्रं ती उचलतात. वर्षांनंतरही त्या मुलीचं नाव शोधलं की ती फाइल वर येते. यादीत आसन क्रमांक किंवा अर्ज क्रमांक पुरतो का, हे विचारा. विद्यार्थ्यांच्या फोटोसाठी संमती घ्या. अध्यापकांचा वैयक्तिक मोबाइल क्रमांक न देता विभागाचा क्रमांक आणि विभागाचा ईमेल द्या. व्यक्ती बदलते, विभाग राहतो.

दोन भाषांतली पानं

मराठी आणि इंग्रजी पानांवर तारखा, शुल्क आणि अटी तंतोतंत सारख्या हव्यात. मुदतवाढ झाली की एकच पान बदललं जातं आणि दुसरं विसरतं. म्हणून दोन्ही पानांची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी. मराठी पान इंग्रजीच्या आधाराने ओळीमागे ओळ उतरवू नका, त्याच प्रश्नांची उत्तरं मराठीत लिहा. यंत्राकडून भाषांतर करून घेतलंत तर नकारार्थी वाक्यं आणि अटी आधी तपासा. ‘शिवाय’, ‘खेरीज’, ‘वगळता’ इकडेतिकडे झालं तर पात्र माणूस अपात्र ठरतो.

प्रसिद्ध करण्यापूर्वी आणि त्यानंतर

मसुदा एकदा मोठ्याने वाचा. मग विभागाबाहेरच्या, शक्यतो पहिल्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याला मोबाइलवर दाखवा आणि त्याला विचारा, ‘आता तू काय करशील?’ त्याने चुकीचं पाऊल सांगितलं तर त्याला समजावत बसू नका, पान बदला. विभागप्रमुखाची मान्यता तथ्यांसाठी घ्या. वाक्यं पुन्हा परिपत्रकासारखी होऊन परत आली तर सौम्यपणे, पण कारण देऊन, अडवा.

पानाच्या तळाला ‘शेवटची सुधारणा’ ही तारीख आणि पानासाठी जबाबदार असलेल्या विभागाचं नाव असू द्या. व्यक्तीचं नाव अंतर्गत नोंदवहीत ठेवा, आणि प्रत्येक पानाची पुढची तपासणीची तारीखही तिथेच लिहा. शुल्क, वेळापत्रक आणि पात्रता यांची पानं दर सत्राच्या आधी, इतिहास आणि परिसराची पानं वर्षातून एकदा. मुदत संपलेली सूचना मुखपृष्ठावरून त्या दिवशीच काढा. लाल अक्षरांत लुकलुकणारं ‘नवीन’ महिनाभर राहिलं तर वाचकाची नजर त्यावरून घसरायला लागते.

दरवर्षी येणाऱ्या गोष्टीसाठी दरवर्षी नवं पान करू नका. ‘पीएच.डी. प्रवेश’ हे एकच पान, एकच पत्ता. आतला मजकूर बदलत राहील आणि मागच्या वर्षांची माहिती संग्रहात जाईल. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली १९९८ सालीच सांगून गेले की पत्ते बदलू नयेत. तुमच्या पानाची लिंक महाविद्यालयांच्या पानांवर, विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर, छापील पत्रकांवरच्या क्यूआर कोडमध्ये गेलेली असते. पत्ता बदलावाच लागला तर जुन्यावरून नव्यावर आपोआप जाण्याची सोय तांत्रिक विभागाकडून करून घ्या, आणि जुनी लिंक स्वतः दाबून बघा.

पहिलं पान कोणतं घ्यायचं असा प्रश्न पडला असेल, तर चौकशीच्या टेबलावरून आणलेल्या यादीतला सर्वांत वरचा प्रश्न घ्या. ते पान नीट करा, दोन आठवडे जाऊ द्या, आणि पुन्हा त्याच टेबलावर जाऊन विचारा की तो प्रश्न अजून येतो का. येत असेल तर उत्तर पानावर असूनही सापडत नाहीये. मथळा आणि पहिलं वाक्य तपासा. कमी झाला असेल तर यादीतला दुसरा प्रश्न घ्या.